गावातले जुने चर्च: गोव्यात टिकले, वसईत बदलले, असे का?

सह्यभ्रमर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. किल्ले आणि मंदिरे यांवर या संस्थळावर भरपूर लिहिले गेले आहे, परंतु आपल्याच किनारपट्टीवरील गावोगावच्या जुन्या चर्चवास्तूंबद्दल फारसे काही वाचायला मिळत नाही. जुन्या गोव्यातील चर्च आणि मठ 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि त्यांच्याविषयी माहितीही सहज मिळते. माझे कुतूहल त्या मोठ्या वास्तूंबद्दल नाही. शेताच्या कडेला, तळ्याच्या काठी किंवा टेकडीच्या उतारावर उभी असलेली, गावापुरती असलेली चर्च मला अधिक बोलकी वाटतात.

गोव्यातील बारदेश आणि साष्टी या तालुक्यांतून हिंडताना दोन मनोऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र दर्शनी भिंती जागोजागी भेटतात आणि त्यांतील बऱ्याच सतराव्या-अठराव्या शतकांतील असतात. वसई परिसरात ख्रिस्ती वस्ती तितकीच जुनी असूनही गावांतील बहुतेक चर्च मात्र अलीकडची दिसतात. जुने पाहायचे म्हटले की लोक किल्ल्यातील भग्नावशेषांकडे बोट दाखवतात. राज्यकर्ते एकच, काळ जवळपास एकच, मग हा फरक का पडला असावा? आणि या वास्तूंना आपण सरसकट 'पोर्तुगीज' म्हणतो ते कितपत योग्य आहे?

मोडीवाचक

प्रश्न चांगला आहे, पण 'काळ एकच' या गृहीतकापाशी थोडे थांबावे लागेल. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. म्हणजे वसईत पोर्तुगीज सत्ता सुमारे 200 वर्षे टिकली, तर गोव्यात ती 1510 पासून 1961 पर्यंत होती. गोव्यातील गावच्या चर्चना आज जे रूप दिसते त्यातील पुष्कळसे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्या शतकात घडलेले आहे. कळंगुटच्या संत आलेक्स चर्चची 1741 मधील पुनर्बांधणी घ्या, दोन मनोऱ्यांच्या मधोमध घुमटाचा आभास निर्माण करणारी ती दर्शनी भिंत वसई पडल्यानंतरची आहे. गोव्यात जेव्हा ही शैली बहरत होती तेव्हा वसईतील गावांना आश्रय देणारी सत्ताच उरलेली नव्हती.

तहाच्या कलमांत ख्रिस्ती रयतेच्या धर्मपालनाची हमी होती आणि वस्तीही टिकली. परंतु युरोपीय धर्मगुरू गेले, मठांचे उत्पन्न गेले आणि गावे देशी पाद्रींच्या आधाराने कशीबशी चालू राहिली. अशा परिस्थितीत नवी भव्य वास्तू उभारणे दूरच, असलेली शाकारणे हेच मोठे काम असणार.

अवांतरप्रेमी

पहिल्याच प्रतिसादात चिमाजीअप्पा आले. आता प्रतिसादांची शंभरी निश्चित समजावी.

वसईचा बागायतदार

मी वसईचाच, सामवेदी ख्रिस्ती कुटुंबातला. मोडीवाचक यांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धेच उत्तर आहे. 1739 नंतरही रमेदी, सांडोर, पापडी, नंदाखाल, आगाशी येथील धर्मग्राम (एकेका चर्चच्या कक्षेतील ख्रिस्ती वस्ती) नांदते राहिले. या धर्मग्रामांची परंपरा सोळाव्या शतकापर्यंत मागे जाते. जुन्या वास्तू बदलल्या त्या प्रामुख्याने नंतर, आणि आम्हीच बदलल्या. याचे कारण अगदी साधे आहे, माणसे वाढली. आमची मंडळी केळी, पानवेल आणि भाजी पिकवत, दूध-फुले मुंबईला पोहोचवत गावातच राहिली. रविवारच्या मिस्सेला (चर्चमधील सामूहिक उपासनेला) निम्मे लोक बाहेर उन्हात उभे राहू लागले की कोणत्याही धर्मग्रामात एकच ठराव होतो, तो म्हणजे चर्च मोठे करा.

माझ्या लहानपणी आमच्या गावचे चर्च असेच वाढवले गेले. जुन्या भिंती हातभर नव्हे, चांगल्या दोन हात जाड होत्या, आणि त्या फोडताना कामगार हैराण झाले होते. आत जमिनीवर कोरीव थडगेशिळा होत्या, त्यांवर खवल्यासारखी नक्षी आणि कडेने अक्षरे होती. त्यांतील काही शिळा नव्या फरशीखाली गेल्या, काही अंगणात उलट्या टाकून पायऱ्यांसाठी वापरल्या गेल्या. त्या वेळी कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. सर्वांनी श्रमदान केले होते, बायकांनी दागिने दिले होते, आणि नवे चर्च उभे राहिले तेव्हा गावाला अभिमानच वाटला होता. बाहेरून येणाऱ्याने 'अरेरे' म्हणणे सोपे असते, एवढेच नम्रपणे सांगतो.

चुनकळी

मी वास्तुरचनाकार आहे आणि जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचे काम करते. बागायतदार यांची भावना मला पूर्ण मान्य आहे. वाढवणे हीसुद्धा परंपराच आहे. वसई किल्ल्यातील संत जोसेफ चर्च 1546 च्या सुमारास सुरू झाले आणि तेथील शिलालेख 1601 मधील विस्ताराची नोंद देतो. जिवंत चर्च कधीच एका तारखेचे नसते.

माझा आक्षेप विस्ताराला नाही, पाडण्याला आहे. गोव्यातील नेहमीचा आराखडा पाहिला तर समोर दर्शनी भिंत आणि मनोरे, मागे एकच लांब दालन, त्यावर लाकडी कैच्या आणि कौले, आणि शेवटी वेदीचा भाग असतो. या वेदीच्या भागावर बहुधा चिऱ्यांची कमान असते. बाजूला खांबांच्या रांगा नसल्यामुळे दालनाची एक लांब भिंत उघडून तिथे नवा सज्जा जोडता येतो. वेदी, मनोरा आणि दर्शनी भाग यांना धक्काही लागत नाही. हे काम अवघड आहे, पण अशक्य नाही. अडचण अशी की ठेकेदाराला जुन्याला नवे जोडण्यापेक्षा सगळे पाडून नव्याने ओतकाम करणे सोयीचे पडते, आणि समितीसमोर अंदाजपत्रक त्याचेच येते.

साष्टीकार

आता गोव्याच्या बाजूने थोडे. धागाकर्त्यांनी 'पोर्तुगीज' या शब्दाबद्दल विचारले आहे. आराखडा आणि नमुने तिकडून आले यात वाद नाही. बारदेशात फ्रान्सिस्कन, साष्टीत जेझुइट अशी धर्मगुरूंच्या संघांची वाटणी होती आणि प्रत्येक संघाची धाटणी वेगळी ओळखू येते. पण दगड, चुना, लाकूड, मजूर आणि पैसा मात्र गावाचा असे. गावकरी संस्था, म्हणजेच पुढच्या काळातील कोमुनिदाद, शेतजमिनीच्या आणि खाजणाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या) उत्पन्नातून चर्चच्या खर्चाचा मोठा वाटा उचलत. पूर्वी त्याच उत्पन्नातून देवळांचा खर्च चाले. संघ तर मध्येच नाहीसे झाले. जेझुइटांची 1759 मध्ये हकालपट्टी झाली, उरलेले संघ 1830 च्या दशकात बरखास्त झाले. जुन्या गोव्यातील मठ ओस पडून कोसळले ते त्यानंतर. गावची चर्च मात्र उभी राहिली, कारण त्यांचा धनी गाव होता.

आणखी एक गोष्ट सांगतो. तळावलीचे सांत आना चर्च 1681 मध्ये बांधायला घेतले आणि 1695 मध्ये पूर्ण झाले. ते सुरू करणारे फ्रान्सिश्कु द रेगु आणि पुरे करणारे आंतोनिउ फ्रान्सिश्कु द कुन्या हे दोघेही गोव्याच्याच मातीतील पाद्री होते. पाच मजली मनोरे असलेली, चुन्याने लिंपलेली ही वास्तू युरोपात जशीच्या तशी कुठे सापडणार नाही. तिला पोर्तुगीज म्हणणे म्हणजे बांधणाऱ्याऐवजी नकाशाला श्रेय देणे आहे.

मोडीवाचक

साष्टीकार, आपण लिहिलेल्यापैकी एक वाक्य फार सहजपणे निघून गेले, 'पूर्वी त्याच उत्पन्नातून देवळांचा खर्च चाले.' ते बदलले कसे, हे न सांगता या वास्तूंचा इतिहास पूर्ण होत नाही. तिसवाडीतील देवळे 1540 च्या सुमारास आणि साष्टीतील 1567 च्या सुमारास पद्धतशीरपणे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ ही दैवते नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला गेली ती याच धामधुमीत. अनेक ठिकाणी चर्च देवळाच्याच जागेवर उभे राहिले. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी जुलै 1583 मध्ये पाच जेझुइटांना ठार केले आणि त्यानंतर बोलणीच्या निमित्ताने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून त्यांच्या प्रमुखांची हत्या झाली. गावाने पैसे दिले हे खरे, परंतु सोळाव्या शतकातील त्या गावाला नकार देण्याची मुभा होती का?

साष्टीकार

नव्हती. मी ते नाकारत नाही आणि झाकतही नाही. कुंकळ्ळीत त्या गावकऱ्यांचे स्मारक आहे आणि तेथील ख्रिस्ती घराण्यांनाही त्या पूर्वजांचा अभिमान आहे. परंतु 1583 मधील सक्ती आणि 1695 मधील बांधकाम यांमध्ये चार-पाच पिढ्या आहेत. आजोबांवर लादलेली गोष्ट नातवाने मनापासून आपली केली, असे इतिहासात होते. मला दोन्ही गोष्टी एकाच भिंतीत दिसतात.

मांडवीच्या काठचे रेइश मागुश चर्च पाहावे. 1555 चे हे चर्च बारदेशातील अगदी आरंभीच्या चर्चपैकी एक आहे. वर जाणाऱ्या पायऱ्यांच्या पायथ्याशी दगडात कोरलेले सिंह आहेत, ते आधीच्या देवळाचे असावेत असे जाणकार मानतात. वर दर्शनी भागावर राजचिन्ह आहे, आत व्हाइसरॉय लुईश द आताईद याची थडगेशिळा आहे, आणि 6 जानेवारीच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा वेश केलेली गावातील मुले मिरवत येतात. देऊळ, साम्राज्य आणि गाव हे तिन्ही तिथे एका जिन्याच्या अंतरात भेटतात.

सह्यभ्रमर

चर्चा अपेक्षेपेक्षा बरीच खोल गेली, सर्वांचे आभार. फोंड्याचा उल्लेख आला म्हणून एक उपप्रश्न विचारतो. मंगेशी आणि कवळ्याच्या देवळांतील घुमट, कमानीच्या खिडक्या, भिंतींवरील अर्धस्तंभ हे चर्चवरून आले असे म्हणतात. हे खरे का?

चुनकळी

एका अर्थाने खरे आहे. कवळ्याचे सध्याचे शांतादुर्गा मंदिर 1738 च्या सुमारास, शाहूमहाराजांच्या पदरी असलेल्या नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने बांधले गेले, म्हणजे ते गावच्या चर्चच्या बहराचेच समकालीन आहे. अष्टकोनी ढोलावर बसवलेला घुमट, त्यावरचे छोटे झरोक्याचे शिखर, मजल्यामजल्यांची दीपमाळ हे सगळे पाहताना चर्चच्या मनोऱ्याची आठवण होते. पण दख्खनी घुमटही गवंड्यांच्या ओळखीचाच होता, त्यामुळे सगळे श्रेय चर्चला देऊ नये. मला तर धर्मापेक्षा कारागीर महत्त्वाचा वाटतो. चिरा घडवणारा, चुना मळणारा आणि लाकूड कोरणारा माणूस नदीच्या अलीकडे-पलीकडे सारख्याच हाताने काम करीत असणार. गोव्यातील काही जुन्या प्रवचनपीठांच्या बुडाशी नागकन्येसारख्या आकृती कोरलेल्या दिसतात, त्या काही लिस्बनच्या नमुन्यात नव्हत्या. अंगणातील क्रूस ज्या चौथऱ्यावर असतो तो आणि तुळशीवृंदावन शेजारी ठेवून पाहा, मग मी काय म्हणते ते कळेल.

कोर्लईची लाट

कोणीतरी रायगड जिल्ह्याची आठवण काढील म्हणून वाट पाहत होते. रेवदंड्याच्या कोटात संत बार्बारा चर्चचा मनोरा उभा आहे, त्याला आमच्याकडे सातखणी म्हणतात. बाकी चर्च, मठ सगळे माडांच्या वाडीत विखुरले आहे. खाडीपलीकडे कोर्लईला मात्र माउंट कार्मेल चर्च वापरात आहे आणि पोर्तुगीज 1740 मध्ये निघून गेल्यानंतरही तेथील ख्रिस्ती वस्तीने पोर्तुगीजवरून घडलेली स्वतःची बोली घराघरांत राखली. म्हणजे एका काठावर इमारत उरली आणि माणसे गेली, दुसऱ्या काठावर माणसे उरली. धागाकर्त्यांच्या प्रश्नाला हेही एक उत्तर होऊ शकेल.

अवांतरप्रेमी

घंटा! वसईच्या मोहिमेचे नाव निघाले आणि अजून कोणी घंटांबद्दल लिहिले नाही, हे या संस्थळाच्या इतिहासात प्रथमच घडत आहे.

मोडीवाचक

आपली इच्छा पूर्ण करतो. पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेऊन देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा प्रसिद्ध आहे, भीमाशंकरलाही एक आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर एक आहे. तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियमेची उठावदार आकृती स्पष्ट दिसते. गावच्या चर्चमधील घंटा हा गावाचा आवाजच असे, म्हणून ती नेणे ही नुसती लूट नव्हती. आता मात्र पुन्हा विषयाकडे वळू या.

पार्लेकर

मुंबईचीही बेरीज करा. वांद्र्याचे संत अँड्र्यू चर्च 1575 चे, तेव्हा तेही गावचेच चर्च होते. कोंडिविट्याचे संत जॉन बाप्टिस्ट 1579 चे. 1840 च्या साथीनंतर गाव हलले, चर्च ओस पडले आणि आज त्याच्या छत नसलेल्या भिंती अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात आहेत. दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या जागी 1970 च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी पूर्णपणे नवी वास्तू उभी केली. जुने पाडून नवे बांधायचेच असेल तर निदान अशा तोडीचे बांधावे, असे माझे मत आहे.

वसईचा बागायतदार

पार्लेकर, कोरिया प्रत्येक गावाला परवडत नाहीत. आमच्याकडे नवा धर्मगुरू आला की फरशी बदलते, त्याच्या पुढचा आला की रंग बदलतो. सुदैवाने वेदीवरचा संत अजून कोणी बदललेला नाही.

विनोद सोडा. चुनकळीताई, आपण दुरुस्तीचे काम करता म्हणून विचारतो. आमच्या शेजारच्या गावातील लहान जुन्या कपेलाच्या (छोट्या प्रार्थनामंदिराच्या) भिंतींना काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात आतून ओल येते आणि रंगाचे पापुद्रे पडतात. आता काही मंडळींचे म्हणणे आहे की गिलावा पूर्ण काढून दगड उघडाच ठेवावा, म्हणजे 'हेरिटेज' दिसेल. हे करावे का?

चुनकळी

कृपया करू नये. हा प्रश्न या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होत जातो, पण त्याच्या अंगात शेवटपर्यंत छिद्रे राहतात. कोकणातील पावसात उघडा जांभा पाणी पितो, झिजतो आणि त्याच्या कडा भुसभुशीत होतात. जुने लोक हे जाणून होते. शिंपले भाजून केलेला चुना पाण्यात विरवून, चुन्याच्या घाण्यात मळून, त्यात गुळाचे पाणी आणि हिरडा यांसारखे जिन्नस मिसळून गिलावा करीत आणि वर दरवर्षी सफेदी मारीत. चर्च पांढरे दिसते ते मुळात दगडाचा रेनकोट म्हणून. ज्या भिंतीवर पश्चिमेचा पाऊस येई तिला पावसाळ्यापुरते नारळाच्या झापांनी झाकण्याचीही पद्धत होती. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून धरते, म्हणून पाणी आतल्या बाजूने वाट काढते आणि पापुद्रे पडतात. आपल्या कपेलात नेमके हेच घडले असावे.

गिलावा काढून ठेवण्याचा परिणाम पाहायचा असेल तर जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस चर्चकडे पाहावे. 1594 ते 1605 या काळात बांधलेल्या त्या वास्तूचा बाहेरील गिलावा 1950 च्या दशकात, ती अधिक प्राचीन दिसावी या हौसेने काढला गेला. आज तिचा तांबडा उघडा दगड हीच तिची ओळख झाली आहे आणि तो दगड झिजतो आहे. पुन्हा गिलावा करावा असे तज्ज्ञ म्हणतात, आणि तांबड्या रूपाची सवय झालेल्या लोकांना ते रुचत नाही. त्याच दर्शनी भागातील कोरीव काळा दगड मात्र शाबूत आहे, कारण तो बेसाल्ट आहे. आणि बागायतदार, तो आपल्या वसईच्या बाजूने जहाजांतून नेलेला आहे.

वसईचा बागायतदार

म्हणजे आमचा दगड गोव्यात टिकला आणि इथे आम्ही फरशीखाली घातला. हे आता समितीच्या बैठकीत सांगतो.

साष्टीकार

चुनकळी यांच्या प्रतिसादात एक भर. कुडतरीचे संत आलेक्स चर्च 1597 चे, रायतळ्याच्या काठावर आहे. अशा ठिकाणी दमट हवा बारा महिने असते, तरीही वास्तू टिकली, कारण कोणी ना कोणी दरवर्षी शिडी लावून चुना मारत राहिले. जुन्या खिडक्यांत काचेऐवजी पातळ शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असत. एखादा फुटला तर तेवढाच बदलता येई. आता शिंपला मिळत नाही आणि पट्टी कोरणारा सुतारही मिळत नाही, म्हणून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसतात. आमच्या गोव्यातही सर्व काही शाबूत आहे असा समज कृपया करून घेऊ नये. बागायतदार यांच्याकडे माणसे वाढली म्हणून चर्च बदलले, आमच्या कित्येक वाड्यांत माणसे मुंबई, आखात आणि आता इंग्लंडला गेली म्हणून ते बदलले नाही. टिकण्याचे श्रेय सगळेच आमच्या जाणिवेला देता येणार नाही.

सह्यभ्रमर

माझ्या मूळ प्रश्नाचे इतके सरळ उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. वसईतील सभासदांना एक विनंती आहे. विस्तारापूर्वीच्या चर्चची छायाचित्रे घरोघरी असणारच. लग्नाच्या आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या जुन्या छायाचित्रांत माणसांच्या मागे दरवाजा, वेदी, मनोरा दिसत असेल. ती इथे चढवता आली तर गावानुसार एक वेगळा धागा करता येईल.

वसईचा बागायतदार

आईच्या पेटीत आई-वडिलांच्या लग्नाचे छायाचित्र आहे, त्यात जुना दर्शनी दरवाजा पूर्ण दिसतो. रविवारी चढवतो. ओहोळ-बावखलांच्या (गावतळ्यांच्या) बाजूच्या इतर मंडळींनाही विचारतो. चुनकळीताई, कपेलाचे काय करावे तेवढे सांगा, बैठक येत्या आठवड्यात आहे.

चुनकळी

बैठकीत पूर्ण कामाचा ठराव करू नका. दिवाळीनंतर भिंती वाळल्या की मागच्या बाजूचा चार फूट बाय चार फूट एवढाच सिमेंटचा भाग हाताने, छिन्नीने काढून घ्या, यंत्र अजिबात लावू नका. आतील दगडाची अवस्था पाहा. भिंत आणखी महिनाभर वाळू द्या, मग तेवढ्याच भागावर चुन्याचा गिलावा करून एक पावसाळा जाऊ द्या. तो टिकला तर उरलेल्या भिंतींचे अंदाजपत्रक मागवा. तोवर छपराची कौले आणि पन्हळी तपासून घ्या, कारण निम्मी ओल बहुधा वरूनच येत असते. चुन्याचे काम करणाऱ्या दोन गवंड्यांचे संपर्क व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.